एकांताची जागा

गेल्या दिवाळीत माझी भाची युरोपचा प्रवास करून आली. ती शाळेत मराठी शिकवते आणि वाचनाचा नाद तिला लहानपणापासून आहे. तेव्हा इतर प्रवासी जसे बर्फाचे डोंगर आणि घड्याळांची दुकाने पाहून येतात तशी ती आली नव्हती. तिने लेखकांचे किल्ले पाहिले होते. चकलीचा तुकडा मोडीत मोडीत तिने आम्हांला मोबाइलवरची छायाचित्रे एकामागून एक दाखविली: फ्रान्समधील माँतेनचा बुरूज, स्कॉटलंडमधील सर वॉल्टर स्कॉटचा अ‍ॅबट्सफर्डचा वाडा, आणि जिनीव्हा सरोवराच्या काठचा शियाँचा किल्ला, जेथील तळघराच्या खांबावर बायरनचे नाव कोरलेले दाखवितात. छायाचित्रे संपल्यावर तिने सहज विचारले, "मामा, आपल्या मुंबईत असे पाहण्यासारखे काय आहे हो?"

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र मला चटकन सुचेना. ज्या खोलीत बसून ती हे विचारीत होती ती गिरगावातल्या चाळीतली दहा बाय बाराची खोली. चाळ पुनर्विकासाला गेलेली. पावसाळ्यापूर्वी ती रिकामी करून द्यावयाची असे ठरलेले. या खोलीत राहून मी पन्नास वर्षे इतरांच्या पुस्तकांवर लिहीत आलो, पण लेखक कोठे बसून लिहितो याचा विचार मी कधी केला नव्हता. नव्हे, तसा विचार करू नये असेच मानीत आलो. आमच्या पिढीच्या समीक्षकांची शिकवणच तशी होती: कलाकृती पाहावी, कर्त्याचे घरदार पाहू नये. पण भाचीचा प्रश्न मनातून जाईना, आणि एका रविवारी आम्ही दोघे परळ, दादर, लालबाग अशी फेरी करून आलो. त्या फेरीत माझे एक जुने मत मोडले. ते कसे मोडले हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

प्रथम त्या किल्ल्यांविषयी. मिशेल द माँतेन हा जन्मानेच गढीचा धनी. १५७१ साली, वयाच्या ३८ व्या वर्षी, त्याने कामकाजातून अंग काढून घेतले, आपल्या बुरुजाच्या वरच्या मजल्यावर ग्रंथालय मांडले, तुळयांवर ग्रीक आणि लॅटिन वचने रंगवून घेतली, आणि तेथे आपले निबंध लिहिले. आपण ज्याला ललित निबंध म्हणतो त्याचे मूळ त्या गोल खोलीत आहे. बसून राहिलो तर माझे विचार झोपी जातात, अशा अर्थाचे त्याने स्वतःच लिहून ठेविले आहे. त्याची वाक्ये वाचताना कोणी येरझारा घालीत स्वतःशी बोलत आहे असे वाटते ते उगीच नव्हे. १८८५ साली आग लागून मूळ वाडा जळाला. बुरूज तेवढा वाचला.

स्कॉटची गोष्ट निराळी. त्याला वाडा वारशाने मिळाला नाही. १८११ साली त्याने ट्वीड नदीच्या काठी एक शेतवाडी विकत घेतली आणि पुढे लेखणीच्या कमाईवर तिचा राजवाडा केला. १८२६ साली त्याच्या मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे दिवाळे वाजले. स्कॉटच्या डोक्यावर लाखाहून अधिक पौंडांचे कर्ज आले. ते फेडण्यासाठी तो लिहीत राहिला आणि १८३२ साली त्याच घरात वारला. त्याच्या अखेरच्या कादंबऱ्या थकलेल्या वाटतात असे टीकाकार म्हणतात. ज्याने तो वाडा पाहिला असेल त्याला हा थकवा कोठून आला हे निराळे सांगावे लागणार नाही.

तेव्हा लेखकाचे घर पाहावयाचे म्हणजे त्याची खुर्ची, दौत आणि चष्मा पाहून हात जोडावयाचे, असे नव्हे. तेथे उभे राहून एकच प्रश्न विचारावा: या माणसाला एकांत कोठून मिळाला, आणि त्याची किंमत कोणी दिली? माँतेनला तो वारशाने मिळाला. स्कॉटने तो विकत घेतला आणि आयुष्य देऊन त्याचे पैसे फेडले. हा प्रश्न मनाशी धरून आम्ही परळला उतरलो.

परळमध्ये किल्ला नाही, पण राजवाडा आहे. टाटा आणि केईएम या रुग्णालयांच्या परिसरात आज हाफकिन संस्था जेथे आहे ती इमारत म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरांचे जुने निवासस्थान. मूळचे ते जेझुइट पाद्र्यांचे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गव्हर्नर डंकन यांनी हे घर सर जेम्स मॅकिन्टॉश यांना राहावयास दिले. मॅकिन्टॉश मुंबईचे रेकॉर्डर, म्हणजे न्यायाधीश; पण त्याआधी १७९१ साली फ्रेंच राज्यक्रांतीच्या बाजूने एडमंड बर्कला उत्तर देणारे पुस्तक लिहून त्यांनी नाव मिळविले होते. १८०४ च्या नोव्हेंबरात त्यांनी लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन केली. तीच पुढे एशियाटिक सोसायटी झाली, आणि टाउन हॉलच्या पायऱ्या चढून आपण जिच्या ग्रंथालयात जातो तिचे मूळ असे परळच्या या घरापाशी आहे.

येथे लेखकाला जे जे हवे ते सर्व होते. प्रशस्त दालने, झाडी, ग्रंथ, नोकरचाकर, फुरसत. मॅकिन्टॉशच्या मनात इंग्लंडचा मोठा इतिहास लिहावयाचे होते. १८११ साली ते मुंबई सोडून गेले, १८३२ साली वारले, आणि त्यांचा तो संकल्प अखेरपर्यंत पुरा झाला नाही. मागे राहिला तो अपुरा भाग. मी हे त्यांना हिणविण्यासाठी सांगत नाही. त्यांनी या शहराला ग्रंथालय दिले. पण एकांत पुरेसा असला की ग्रंथ होतोच, हा आपला भोळा समज या वाड्याच्या दाराशी गळून पडतो. शिवाय एक गोष्ट विसरू नये. ज्या शहरात ही विद्वत्सभा भरत होती त्या शहराच्या रहिवाशांना तिचे सभासदत्व नव्हते. १८४० साली माणकजी करसेटजी यांच्या रूपाने पहिला भारतीय सभासद आत आला. त्या एकांताला भिंत होती, आणि भिंतीबाहेर आपण होतो.

पुढे १८९६ साली मुंबईत प्लेग आला. गव्हर्नरांनी परळ सोडून काही वर्षे झाली होती. १८९९ साली हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा या राजवाड्यात आली. त्याच प्लेगमुळे १८९८ साली बॉम्बे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि दाटीवाटीच्या वस्त्या मोकळ्या करून त्याने ठिकठिकाणी चाळी बांधल्या. त्यांनाच आपण बी. आय. टी. चाळी म्हणतो. एकाच रोगाने राजवाड्याचा दवाखाना केला आणि कामकऱ्यांना खोल्या दिल्या. आम्ही राजवाड्याकडून चालत निघालो ते अशाच एका चाळीकडे. परळच्या बी. आय. टी. चाळींपैकी पहिल्या क्रमांकाच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, ५० आणि ५१ या दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. मधली काही वर्षे शिक्षणासाठी परदेशी गेली ती सोडली तर त्यांच्या उमेदीचा सारा काळ या जिन्यावरून चढउतार करण्यात गेला.

चाळ म्हणजे काय हे गिरगावकराला सांगावे लागत नाही. तरीही त्या गॅलरीत उभा राहिल्यावर मला धक्का बसला. एका टोकाला नळावर भांड्यांचा आवाज, दुसऱ्या टोकाला मुलांचा क्रिकेटचा डाव, मधल्या दारात कोणी तांदूळ निवडीत बसलेले. 'मूकनायक' १९२० चे आणि 'बहिष्कृत भारत' १९२७ चे. ही दोन्ही पाक्षिके या बिऱ्हाडाच्या काळातली. 'बहिष्कृत भारता'तला बराचसा मजकूर तर बाबासाहेबांना एकट्यालाच लिहावा लागे. कोठे आणि केव्हा लिहिला असेल?

या प्रश्नाचे उत्तर याही आधीच्या एका खोलीत आहे. त्यांच्या विद्यार्थिदशेत कुटुंब परळच्याच डबक चाळीत एका खोलीत राहत असे. ती हकीकत चरित्रकार धनंजय कीर यांनी सांगितली आहे. खोलीत एकाच्याच निजण्याची सोय. मुलगा लवकर झोपे. वडील रामजी सुभेदार रात्री दोन वाजेपर्यंत जागत, मग मुलाला उठवून अभ्यासाला बसवीत आणि त्याच्या जागी स्वतः आडवे होत. उशाशी जाते, पायाशी बकरी, आणि काचेवाचूनचा रॉकेलचा दिवा. शाळेच्या पुस्तकांत ही गोष्ट आपण कष्टाचा धडा म्हणून वाचतो. मला ती त्या गॅलरीत उभे असताना निराळीच वाटली. किल्ल्यात एकांत जागेत असतो. चाळीत तो जागेत मावत नाही, म्हणून तो वेळेत खोदून काढावा लागतो. माँतेनचा बुरूज दगडी होता. रामजींनी मुलासाठी बांधलेला बुरूज रात्री दोन ते पहाटेपर्यंतचा होता, आणि त्याची किंमत त्यांनी आपल्या झोपेने दिली होती.

तेथून दादर. रेल्वेच्या पूर्वेला ज्या रस्त्याला आज दादासाहेब फाळके यांचे नाव आहे त्या रस्त्यावरच्या मथुरादास भवनात फाळक्यांनी १९१२ साली 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाचे काम मांडले होते. हरिश्चंद्राचा राजवाडा त्यांनी दादरच्या आवारात पडद्यांवर रंगवून उभा केला, आणि ३ मे १९१३ रोजी तो गिरगावातील कॉरोनेशनमध्ये लोकांसमोर आला. फिल्मला छिद्रे पाडण्यापासून साऱ्या कंपनीचा स्वयंपाक करण्यापर्यंत सरस्वतीबाई फाळके राबल्या. भांडवलासाठी त्यांचे दागिनेही गेले. किंमत कोणी दिली, या आमच्या प्रश्नाला येथे उत्तर शोधावे लागले नाही.

हिंदू कॉलनीतले 'राजगृह' येथून जवळच. १९३० नंतरच्या वर्षांत बाबासाहेबांनी हे घर बांधविले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. नाव मगधाच्या प्राचीन राजधानीचे. ज्या माणसाला १९१७ साली बडोद्यात, तेथल्या संस्थानची नोकरी असूनही, राहावयास कोणी जागा देईना, आणि ज्याला पारशी विश्रामगृहातून बाहेर काढण्यात आले, त्याने आपल्या घराला हे नाव द्यावे यातील अर्थ कोणत्याही अलंकाराहून मोठा आहे. मुंबईत लेखकाचा म्हणून जर एकच किल्ला दाखवावयाचा असेल तर तो हा. येथेच राहत असता, १९३६ साली, लाहोरला न झालेले जातिनिर्मूलनावरचे भाषण त्यांनी स्वखर्चाने छापून प्रसिद्ध केले. पुढे येथले कितीतरी ग्रंथ सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेले. २०२० च्या जुलैत या घराच्या आवारात मोडतोड झाली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला ती लागली. कारण हे घर केवळ विटांचे नाही.

तळमजल्यावरच्या स्मारकातून बाहेर येताना भाची म्हणाली, "मामा, रमाबाई इथे किती दिवस राहिल्या?" मी हिशेब केला. १९३४ साली चाळ सुटली. २७ मे १९३५ रोजी रमाबाई वारल्या. वर्ष, फार तर सव्वा वर्ष. चाळीतल्या दोन खोल्यांत आवाज खाली ठेवून, मुलांना गप्प करून ज्या बाईने नवऱ्याच्या पुस्तकांना जागा करून दिली, तिला पुस्तकांचे घर लाभले ते इतकेच.

आता वाचक म्हणतील, घरावरून ग्रंथ वाचू लागलो तर समीक्षा कोठे राहिली? शंका रास्त आहे. चाळीतले मराठी लेख समोर माणसे बसली आहेत असे मानून बोलतात आणि राजगृहातले इंग्रजी भाषण मुद्द्यामागून मुद्दा रचीत जाते, हा फरक खरा. पण तो जागेने केला असे म्हणणे आळशीपणाचे होईल. तो वाचकाने केला, भाषेने केला, हेतूने केला. उलट उदाहरण हवे असेल तर पु. ल. देशपांडे यांचे घ्या. त्यांचे बालपण जोगेश्वरीत आणि पार्ल्यात गेले, पण मराठी वाङ्मयातील सर्वांत नामांकित चाळ त्यांनी बांधली. १९५८ साली 'बटाट्याची चाळ' पुस्तकरूपाने आली, आणि १९६१ पासून एकट्या पु. लं. नी सारे बिऱ्हाडकरू रंगमंचावर उभे केले. ती चाळ पाहावयास कोणी निघाला तर त्याला ती कोठेही सापडणार नाही. घर लेखक घडवीत नाही. कधी कधी लेखकच घर घडवितो. मात्र एक माणूस बोलता बोलता पंधरा दारांतून डोकावतो हे कलेचे रूप, ज्या शहरात भिंतीतून शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येते त्याच शहरात सुचावे, एवढे तरी मान्य करावे लागेल.

परतीच्या वाटेवर आम्ही लालबागला उतरलो, आणि येथे मला माझी कबुली द्यावयाची आहे.

नारायण सुर्वे यांचे 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ साली आले आणि 'माझे विद्यापीठ' १९६६ साली. परळचे गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी रस्त्यावर सापडलेल्या ज्या मुलाला वाढविले तो हा कवी. गिरणीत, मग शाळेत शिपाई म्हणून, मग शिक्षक म्हणून याच भागात राबलेला. विशी ओलांडून चार वर्षेही झाली नसतील तेव्हा मी एका मासिकात त्यांच्या कवितेवर लिहिले होते. त्यातले एक वाक्य मला आजही पाठ आहे: "या कवितेत सभा आहे, स्वगत नाही, गर्दी आहे, एकांत नाही." लोकांनी ते वाक्य उचलून धरले, आणि मला त्याचा अभिमानही वाटला.

त्या वाक्यातले निरीक्षण चुकीचे नव्हते. सुर्व्यांची कविता खरोखरच कोणाशी तरी बोलते. तीत माणसे नावानिशी येतात, अडवितात, प्रश्न विचारतात. कार्ल मार्क्ससुद्धा पुतळ्यासारखा येत नाही, संपाच्या गर्दीत ओळखीचा म्हाताराच भेटावा तसा भेटतो. चुकला तो निवाडा. एकांत नाही हे मी उणे म्हणून मांडले. कवितेचा एकांत म्हणजे बंद दार, खिडकीतला पाऊस आणि स्वतःशी चाललेले बोलणे, हे माप मी वाचलेल्या पुस्तकांतून घेतले होते, आणि ती पुस्तके बहुधा दार बंद करता येणाऱ्या घरांत लिहिली गेली होती. जेथे दार लावले तर शेजारी आजारपणाची चौकशी करावयास येतो, तेथल्या कवीने गर्दीतच आपला स्वर शोधला. त्याच्या मनात एकांत नव्हता असे नव्हे. त्याने तो गर्दीच्या आत, समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहून बोलण्यात मिळविला. मी ज्याला उणीव म्हटले ती त्या कवितेची रीत होती. ती रीत कोठे फसते, कोठे घोषणेत घसरते, हे दाखविण्याचा मला हक्क होता. पण त्यासाठी आधी ती रीत आहे हे ओळखावयास हवे होते.

सुर्वे २०१० साली गेले. ज्याला त्यांचे घर पाहावयाचे असेल त्याने कृष्णाबाई सुर्वे यांचे 'मास्तरांची सावली' हे आत्मकथन वाचावे. स्मारकात खुर्ची दिसते. तिच्याभोवतीचा संसार कोणी ओढला हे तेथे दिसत नाही. ते या पुस्तकात दिसते.

लालबागही आता ते राहिले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. बहुतेकांना पुन्हा सांचे दिसले नाहीत. गिरण्यांच्या जागी मनोरे आणि बाजार झाले. जयंत पवार यांनी १९९७ साली 'अधांतर' नाटकात त्या मोडलेल्या संपामागचे एक घर मांडले. सारे नाटक एका खोलीत घडते. रंगमंचाची सोय म्हणून नव्हे. भांडून, चिडून, हरून जावयाचे म्हटले तरी त्या माणसांना दुसरी खोलीच नाही, म्हणून. तेथे जागा हीच नाटकाची घटना आहे. माझे जुने माप येथे लावले असते तर मी बहुधा म्हटले असते, नाटककाराला दृश्यबदल साधला नाही!

संध्याकाळी आम्ही गिरगावात परत आलो. भाची थकून गॅलरीत बसली. मी खोलीत दिवा लावला आणि खिडकीखालच्या फळीकडे माझे लक्ष गेले. माझे वडील एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. घरी आणलेली मुद्रिते ते या फळीवर तपाशीत. आम्ही भावंडे पाच. ते केव्हा तपाशीत हे मला आठवेना, कारण मी त्यांना तसे बसलेले क्वचितच पाहिले होते. आणि मग लक्षात आले की आम्ही झोपल्यावर. आई आम्हांला साडेआठला निजवी, आणि कुरकुर केली तर थंडीतसुद्धा धाकट्याला खांद्यावर घेऊन गॅलरीत येरझारा घाली. माझा समज असा की आई कडक होती.

फेब्रुवारीत आम्ही खोली सोडली. नव्या इमारतीत मला स्वतंत्र अभ्यासिका मिळेल असे सगळे कौतुकाने सांगतात. मिळाली तर चांगलेच आहे. दारिद्र्याचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहिलेले नाही. ज्याला दार बंद करता येते त्याने ते जरूर करावे. मॅकिन्टॉश साहेबांची आठवण मात्र ठेवावी.

वाचकहो, फराळ करून तुम्ही हा अंक उघडाल तेव्हा घरात कोणी तरी भांडी आवरीत असेल. तुम्हांला वाचावयास मिळालेला तो अर्धा तास कोणाचा आहे, हे एकदा मान वर करून पाहा. माझ्यापुरते सांगतो: ते जुने वाक्य मी आज येथे मागे घेत आहे. ते ज्या फळीवर मी लिहिले होते ती माझ्या आईच्या येरझाऱ्यांवर उभी होती, आणि तरीही मी सुर्व्यांना एकांताचे धडे देत होतो.